न सापडलेल्या फाइलचा पत्ता

१

सोमवारी दुपारी दोन वाजता बाई फोटो स्टुडिओत शिरल्या, तेव्हा आतल्या खोलीत तिघंजण कॉम्प्युटरकडे बघत उभे होते आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होते. बाईंनी तीस वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवला होता. वर्गात काहीतरी मोडलंय आणि कुणी मोडलं ते कुणीच बोलत नाही, अशी वेळ त्यांनी हजारदा पाहिली होती. निवृत्तीनंतर त्या ओळखीपाळखीत मशीन दुरुस्त करून देत, पण असली हवा आज बऱ्याच दिवसांनी लागली.

"बाई, पडद्यावरची ही चौकट बघा," स्टुडिओचा मालक म्हणाला. हा त्यांचा जुना विद्यार्थी. घरीदारी सगळे त्याला दादा म्हणत. "मशीन फार रेंगाळत होतं म्हणून काल तपासणी लावली, तर हेरगिरीचा प्रोग्राम निघाला. आपण काय टाइप करतो, काय वाचतो, सगळं गुपचूप दुसऱ्याला पाठवणारा. मी काढून टाकला. आणि आज सकाळपासून सुरू केलं की ही चौकट. फाइल सापडत नाही म्हणे! सिस्टिमचंच काही उडवलं की काय मी? नेटवरून ती फाइल उतरवूनच घेणार होतो, म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

"विचारलंस ते बरं केलंस. काढलेली घाण स्वतःच्या हातानं परत आणली असतीस. चौकट वाचलीस का?"

"वाचली की. फाइल सापडत नाही."

"ती पहिली ओळ झाली. पुढे?"

"पुढे काय, 'ठीक आहे' दाबायचं."

"अजून तस्सा आहेस रे गधड्या!" बाई म्हणाल्या. पण कुणी हसलं नाही.

हसण्यासारखं नव्हतंच काही. दादाची बहीण, धाकटी, चार महिन्यांपूर्वी नवऱ्याचा मार खाऊन, एक पिशवी आणि सहा वर्षांची छोटी घेऊन इथे आली होती. नवऱ्यानं तिच्या आसपास फिरकू नये असा कोर्टाचा आदेश होता. तरी मागच्या आठवड्यात तिनं भाड्यानं खोली घेतली आणि तिसऱ्या दिवशी तो दारात उभा! शेजारी धावून आले म्हणून निभावलं. त्यानंतर छोटी दोन दिवस तोंडातून शब्द काढत नव्हती. आता दादानं दुसरी खोली बघितली होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आज संध्याकाळी पाचला मायलेकी तिकडे जाणार होत्या. पत्ता फक्त दादाला आणि धाकटीला ठाऊक. दादानं बायकोला सांगितला नव्हता की आईला.

"चौकट मरू दे, बाई," धाकटी म्हणाली.  "मला एवढंच सांगा, हे टाकलं कुणी? तो या दुकानात पाय ठेवू शकत नाही. आतल्या मशीनला बाहेरचं काही लावायचं नाही असा आमचा नियम आहे, गिऱ्हाइकांचं सगळं बाहेरच्या मशीनवर. म्हणजे घरातल्याच कुणीतरी टाकलंय."

बोलता बोलता तिनं एकदाच वर पाहिलं, ते सरळ आपल्या वहिनीकडे.

२

"तुमच्यात या मशीनवर कोण कोण बसतं?" बाईंनी विचारलं.

"तिघांचे तीन लॉगिन आहेत," दादा म्हणाला. "माझं, हिचं आणि धाकटीचं. धाकटी जुने फोटो दुरुस्त करते."

"ठीक. आपापले पासवर्ड घाला बघू."

आधी धाकटीनं घातला. पडदा उघडला, निळा, स्वच्छ. चौकट आली नाही. मग दादानं आपला पासवर्ड दोनदा चुकवून तिसऱ्यांदा बरोबर घातला. तिथेही चौकट नाही. दादा चकित झाला.

"आता तू," बाई वहिनीला म्हणाल्या.

वहिनीनं न बघता भराभर पासवर्ड मारला.  आणि टुणकन् चौकट वर आली.

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे प्रोग्राम हिच्या लॉगिनमधून टाकलाय."

खरं होतं ते, पण अर्धंच. अर्ध्यावर उत्तर सांगणाऱ्या पोरांना बाईंनी आयुष्यभर झापलं होतं आणि आज स्वतः तेच केलं. धाकटीला तेवढं पुरलं.

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "वहिनी, मी आल्यापासून तुम्हाला अडचण होतेय, हे मला कळत नव्हतं का? पण माझ्या पोरीच्या जिवाशी खेळलात?"

"अगं, मी कशाला..." वहिनी चौकटीकडे वळून म्हणाली. 

"दादा, मी पाचपर्यंत थांबत नाही. आत्ता निघते. टॅक्सी बोलाव."

पाच मिनिटांत पिशव्या बाहेर आल्या. धाकटीनं फोन बंद करून टाकला, कारण फोनवरूनही माग लागेल अशी तिला धास्ती होती. कुणी सोबत यायचं नाही, नाहीतर आपल्या मागून तो येईल, असं दादानंच ठरवलं होतं. छोटी मामाला हात हलवत टॅक्सीत बसली. गाडी वळली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अडीच झाले होते.

दादा आत आला आणि बायकोसमोर उभा राहिला. "का केलंस?"

"मी माझ्या माहेरी जाते," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "तुम्हाला हे विचारावंसं वाटलं ना, मग मला इथे राहायचं नाही."

३

"कुणी कुठे जायचं नाही," बाईंनी वर्गातला आवाज काढला आणि दोघं जागच्या जागी थबकले. "माझं वाचून संपलेलं नाही."

त्यांनी चष्मा पुसला आणि चौकट शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. "हे बघ. सिस्टिमचं तू काही उडवलेलं नाहीस. शाळा सोडून गेलेल्या पोराचं नाव हजेरीत राहिलं की काय होतं? रोज सकाळी पुकारतात आणि कुणी 'हजर' म्हणत नाही. इथे तेच झालंय. हेर तू काढलास, पण मशीन सुरू झालं की त्याला हाक मारायची, ही नोंद तशीच राहिली. ती पुसली की चौकट गेली. पण मी ती एवढ्यात पुसणार नाही."

"का?"

"कारण हेर कुठे राहत होता ते तिच्यात लिहिलंय." बाईंनी मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून घेतला. "फाइल होती हिच्या फोटोंच्या कप्प्यात. आणि त्यात फोल्डरचं नाव, 'वाढदिवस पाच'. असं नाव ठेवता तुम्ही?"

"छे!" वहिनी डोळे पुसून पुढे आली. "आमच्याकडे आधी तारीख, मग गिऱ्हाइकाचं आडनाव. नुसतं वाढदिवस लिहिलं तर महिन्याला पन्नास वाढदिवस होतात, शोधणार कसं?"

"म्हणजे फोल्डर बाहेरून आलं, नाव घेऊनच आलं. कधी आलं?" बाईंनी तपासणीची यादी उघडली. दादाच्या प्रोग्रामनं काय काय काढलं, आणि ते मशीनवर कधी आलं होतं, हे त्यात होतं. "तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. दुपारी एक चाळीस."

"एक चाळीस?" वहिनीनं श्वास घेतला. "बाई, त्या वेळेला मी रोज शाळेत असते. छोटीला आणायला. कोर्टाच्या आदेशानंतर शाळेनं सही ठेवलीय, सही करून, वेळ घालूनच मूल सोडतात. त्यांची वही बघा, हवं तर."

दादा खाली बघायला लागला.

"त्या वेळेला दुकानात कोण असतं?"

"दीड ते दोन दुकान बंद," वहिनी म्हणाली. "आम्ही वर राहतो, हे वर जेवतात, धाकटीही वरच असते. खाली फक्त फ्रेमकाका, लाकूडकाम करतात ते. आई त्यांचं ताट खाली नेऊन देतात आणि रिकामं घेऊन येतात."

"फ्रेमकाकांना पासवर्ड माहीत आहे का तुझा?"

"पासवर्ड कशाला लागतो? सकाळी सगळ्यात आधी मी येते, मशीन सुरू करते, ते रात्रीपर्यंत तसंच उघडं असतं. धाकटी तेवढी आपल्यातून काम करते, तिच्या रंगांची मांडणी तिथे आहे. बाकी कोण उठून लॉगिन बदलणार? ज्याला जे काम असेल ते बसतो आणि करतो."

"तीन लॉगिन करून ठेवायची आणि एकाच्यात सगळ्यांनी नांदायचं! धन्य आहात," बाई म्हणाल्या. पण बोलताना त्यांची नजर दुसऱ्याच यादीवर होती, अलीकडे काय काय उघडलं त्या यादीवर. 'वाढदिवस पाच' एकदा नाही, रोज उघडलेलं होतं. रविवार सोडून रोज, पावणेदोनच्या सुमारास. शनिवारपर्यंत.

"हेर टाकणारा माणूस काम झालं की पळतो," त्या हळूच म्हणाल्या. "रोज येऊन फोटो बघत बसत नाही."

४

फ्रेमकाका मागच्या पडवीत काच कापत होते. साठीचा, मितभाषी माणूस. बाईंनी प्रश्न विचारला तरी त्यांनी रेघ पूर्ण ओढली, काच टक् करून मोडली आणि मग मान वर केली.

"मला मशीन येत नाही."

"काका, फ्रेमच्या मागच्या चिठ्ठ्या तुम्हीच छापता ना? बाहेर ढीग पडलाय."

"एका बोटानं छापतो. तेवढंच."

"फोटो उघडायला एक बोट पुष्कळ झालं," बाई म्हणाल्या. "हे बघा, मी पोलीस नाही. पण एका बाईला तिच्या पोरीसकट धोका आहे आणि ही दुसरी बाई घर सोडून निघालीय, न केलेल्या गोष्टीसाठी. तुम्ही त्या मंगळवारी आतल्या मशीनला पेन ड्राइव्ह लावलात. कुणाचा?"

काकांनी हातातला काचेचा तुकडा खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी फक्त फोटो दाखवले. 'फोटो पाहा' असं लिहिलेलं होतं, त्यावर दाबलं. बाहेरचं मशीन रस्त्यावरून दिसतं. आणि आतल्या पडद्यावर रंग खरे दिसतात. म्हटलं, एवढ्या हौसेनं बघायचेत तर नीट दिसू देत. नियम मोडला, चूक झाली. पण दाखवले कुणाला ते मी सांगणार नाही. मी शब्द दिलाय."

"काका!" दादा ओरडला. "तुम्ही धाकटीच्या नवऱ्याच्या कारखान्यात होतात ना आधी? त्यानंच पाठवलं तुम्हाला!"

"दहा वर्षांपूर्वी होतो. त्याचा स्वभाव बघितला म्हणून तर सोडलं."

"अरे, ओरडू नकोस," बाई म्हणाल्या. "विचार कर. पाच म्हणजे पाचवा वाढदिवस. छोटी आता सहा वर्षांची आहे. आईचा हात धरून घरातून निघाली, सोबत एक फोटो नाही. तिचे फोटो बघायला दुपारी चोरून कोण येईल? काकांना त्याची काय हौस? ज्या माणसासाठी काका नियम मोडतात आणि तोंड उघडत नाहीत, ते माणूस रोज पावणेदोनला इथे ताट घेऊन येतं."

जिन्याच्या पायरीवर स्टीलचं भांडं पडल्याचा आवाज आला. सगळे वळले. आई तिथे उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे.

५

"काकांना काही बोलू नका," आई म्हणाल्या. "मीच गळ घातली होती. जावई मला मंडईत भेटला. रडला हो. म्हणाला, आई, मी चुकलो, मला कुणी दारात उभं करत नाही, निदान छोटीचे फोटो तरी ठेवा तुमच्याजवळ. घरात सांगू नका, उगाच चिडतील. मला वाटलं, माणूस सुधारतोय. मला फोटो हवे होते. ती केक कापतेय, तोंडाला सगळा लागलाय... मी रोज बघायची." त्या मटकन पायरीवर बसल्या. "त्यात काही लपलेलं असेल हे मला कसं कळणार? सकाळपासून तुमचं बोलणं ऐकतेय. सूनबाई माहेरी निघाली तरी माझी जीभ उचलली नाही. मेलं हे तोंड!"

वहिनी पुढे झाली. ती रागावली होती, ते दिसतच होतं, तरी तिनं सासूच्या हातातलं ताट काढून घेतलं.

दादा भिंतीला टेकला. "जाऊ दे. निदान प्रोग्राम गेला. धाकटी सुरक्षित पोचेल. तो पत्ता मी कुणालाही सांगितलेला नाही."

बाई एकदम दादाकडे वळल्या.

"अरे, खोलीचा फॉर्म भरलास ना तू? कुठे भरलास?"

"इथेच. ऑनलाइन होता."

"कधी?"

"शनिवारी."

"आणि हेर काढलास रविवारी," बाई म्हणाल्या. "शनिवारी तू कुणाच्या लॉगिनमध्ये बसला होतास?"

 स्वतःचा पासवर्ड तीन वेळा घालावा लागलेला माणूस कुणाच्या लॉगिनमध्ये बसत असेल, हे तिथल्या सगळ्यांना एकाच वेळी कळलं. तीन वाजायला दहा मिनिटं होती.

सगळ्यात आधी वहिनी हलली. तिनं पोलिसांना फोन लावला आणि कोर्टाच्या आदेशाचा क्रमांक तिला तोंडपाठ होता, तो धडाधड सांगितला. दादानं घरमालकिणीचा नंबर लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"हो हो, तुमच्या बहिणीची खोली ना?" पलीकडून मोकळा आवाज आला. "त्यांचे मिस्टर आलेत की मघाशीच. भले वाटले. किल्ली मागितली, सामान लावून ठेवतो म्हणाले."

"दिलीत?"

"दिली ना! वरच आहेत ते."

आईंनी तोंडात पदर कोंबला. दादा टॅक्सीवाल्याचा नंबर लावत होता. वाजत राहिला, कुणी उचलेना. पुन्हा लावला. बाईंना वाटलं, आपणच तिला घालवलं, आपल्या अर्ध्या वाक्यानं. पाचपर्यंत थांबली असती तर... चौथ्या घंटेला फोन उचलला गेला.

"साहेब, पोचलोच. गेटात वळतोय."

"वळू नको!" दादा किंचाळला. "उतरू देऊ नकोस तिला! गाडी फिरव, फिरव आधी!"

फोनमध्ये कर्कश ब्रेक ऐकू आला. मग धाकटीचा आवाज, "दादा? काय झालं? दादा, वरच्या खिडकीत..." आणि मग छोटीचं रडणं.

"दार लॉक करा आणि निघा!" बाई फोनवर वाकून ओरडल्या. "सरळ पोलीस स्टेशनला!"

इंजिनाचा आवाज वाढला. बराच वेळ तेवढंच ऐकू येत होतं. मग टॅक्सीवाला म्हणाला, "मुख्य रस्त्याला लागलो, साहेब. मागे कुणी नाही. घाबरू नका."

दादानं डोळे मिटले. मग तो वहिनीकडे वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चुकलो मी. एक चौकट आली आणि मी तुला ओळखेनासा झालो."

"ते घरी बघू," वहिनी म्हणाली. "आधी चला."

६

पोलीस त्या घरी पोचले तेव्हा तो खोलीतच होता. दार आतून लावून बसला होता. पोलीस स्टेशनात आणलं तेव्हा तो अगदी शांत, सभ्य बोलत होता.

फौजदारांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं, फोटो बघितले, याद्या बघितल्या. मग पेन खाली ठेवलं. "आदेश मोडला म्हणून आज आत ठेवतो. पण चार दिवसांत सुटेल. बायकोला भेटायला आलो होतो, पत्ता कुणीतरी सांगितला, असं म्हणतोय. हे जे हेरगिरीचं आहे, ते खरं मोठं प्रकरण. पण ते त्यानंच टाकलं हे सांगणारं कुणी आहे का? मशीन काही नाव सांगत नाही."

 बाईंचं काम इथे संपत होतं. फोल्डर कुठून आलं, कधी आलं, कुणी उघडलं, एवढं त्या सांगू शकत होत्या. मंडईत काय झालं ते एकाच माणसानं पाहिलं होतं.

धाकटी बाकावर बसली होती, छोटी तिच्या मांडीवर झोपली होती. आल्या आल्या दादानं तिला सगळं सांगितलं होतं. वहिनीचा हात धरून ती रडली होती. आईकडे मात्र तिनं अजून पाहिलं नव्हतं.

आई उठल्या. पदराच्या गाठीतून पेन ड्राइव्ह काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "हा त्यानं मला दिला. माझ्या हातात. मी सांगते, लिहून घ्या."

पलीकडच्या दारातून तो ओरडला, "आई! अहो आई, काय बोलताय? मी तुम्हाला प्रेमानं फोटो दिले! तुम्ही तरी माझा विचार करा ना!"

आईंनी त्या दाराकडे पाहिलं. बाईंना क्षणभर भीती वाटली की म्हातारी आता विरघळणार. फौजदारही थांबले. "आजी, कोर्टात उभं राहावं लागेल. त्याच्यासमोर हेच बोलावं लागेल. जमेल?"

"मला त्याची भीती वाटते," आई म्हणाल्या. "आजवर वाटत नव्हती, म्हणून तर पोरीचं खरं वाटलं नाही मला. लिहा तुम्ही."

लिहून झालं. आईंनी एकेक ओळ वाचायला लावली, शेवटपर्यंत, आणि मग सही केली. धाकटी छोटीला खांद्यावर घेऊन उठली आणि आईसमोर येऊन उभी राहिली.

"मला तुझा खूप राग आलाय, आई."

"येऊ दे."

"लवकर जाणार नाही तो."

"नाही गेला तरी चालेल," आई म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आवरला नाही. "तू समोर आहेस ना, मग कितीही राग कर."

धाकटीनं खांद्यावरची झोपलेली पोर अलगद उचलली आणि आईच्या खांद्यावर दिली. "घे. माझा हात भरून आलाय."